फौजेतला चेहरा

गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणत आणि त्यांच्या बायकोला मिस्त्रीणबाई. घरांना, दुकानांना, दवाखान्यांना प्लास्टरची छतं करायची आणि कडेनं नक्षीच्या पट्ट्या बसवायच्या, हा मिस्त्रींचा धंदा. माणूस हाताचा एकदम पक्का, पण बोलायच्या नावानं शून्य. चार लोकांत बसले की मान वर करून तिथल्या छताला तडे गेलेत का ते बघत राहायचे. मिस्त्रीणबाईंचं उलटं. मनात आलेलं ओठांवर यायला त्यांना वेळ म्हणून लागत नसे. घरातलं बोलण्याचं खातं एकटीनं सांभाळायचं म्हटल्यावर दुसरं होणार तरी काय?

लेकीचं लग्न ठरलं आणि मिस्त्रींच्या वाट्याला व्याही आले ते नेमके फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. उंच, ताठ, मिशा राखलेले, आणि आवाज असा की त्यांनी चहा मागितला तर शेजारच्या घरातसुद्धा आधण चढावं. माणूस वाईट नव्हता. सुनेला घरात मुलीसारखी वागवायचा, हे मिस्त्रीणबाईंनीही मान्य केलं होतं. पण भेटले की ते मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, व्याही, छाती पुढे. मिस्त्री छाती पुढे काढायचे, तर नेमकं पोट पुढे यायचं. मग सगळे हसायचे, मिस्त्रीही हसायचे, आणि मिस्त्रीणबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्या नवऱ्याला आपण काय वाटेल ते बोलू, पण दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

लग्नाच्या जेवणात हवालदारांनी पलटणीच्या गोष्टी लावल्या होत्या. तोफा, चौक्या, डोंगर, थंडी. सगळे कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात मिस्त्रींनी हातातला पेला खाली ठेवला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना म्हणाले, "माझाही चेहरा फौजेत आहे."

मिस्त्रीणबाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं बढाई मारलेली त्यांनी पहिल्यांदा ऐकली.

पण गोष्ट खरी होती. गावात त्या भागातल्या पलटणींचं एक संग्रहालय आहे. त्याची जुनी इमारत दुरुस्तीला काढली होती आणि छतांचं काम मिस्त्रींकडे होतं. तिथे गणवेश घातलेले पुतळे होते, पण ते कपड्यांच्या दुकानातले. सगळ्यांचे चेहरे गुलाबी आणि एकसारखे, जणू अख्खी पलटण एकाच आईच्या पोटी जन्मली. संग्रहालयाच्या नव्या साहेबांना ते खटकलं आणि त्यांनी एक तरुण शिल्पकार बाई बोलावली. पलटण इथली आहे तर चेहरेही इथल्याच माणसांचे हवेत, असं बाईचं म्हणणं. माणसं शोधायला ती लांब कशाला जाते, तिनं तिथे काम करणाऱ्यांनाच धरलं. रंगारी बसला, वायरमन बसला, गेटवरचा रखवालदार बसला. तोंडाला व्हॅसलीन फासायचं, नाकात दोन नळ्या घालायच्या, वरून प्लास्टर लावायचं आणि ते घट्ट झालं की साचा काढून घ्यायचा.

मिस्त्रींची पाळी आली तेव्हा बाई प्लास्टर कालवायला लागली आणि मिस्त्रींना ते बघवेना. आपलं आयुष्य प्लास्टरमध्ये गेलेलं, आणि ही कालची पोर ताक ढवळावं तसं पातळ ढवळतेय. त्यांनी तिच्या हातातलं घमेलं घेतलं आणि आपल्या पद्धतीनं माल केला, म्हणजे छताच्या फटी बुजवायला करतात तसा. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, दाट माल, चट घट्ट होणारा. छताला तो उत्तमच. पण छताला नाक नसतं आणि छत श्वासही घेत नाही. माल बघता बघता आवळला आणि तापला. पुढचं मिस्त्रींनी घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. जरा गरम लागलं, डावी भुवई अर्धी साच्याबरोबर गेली, बाकी काही नाही. त्या अर्ध्या भुवईला हसून हसून मिस्त्रीणबाई दमल्या. भुवई उगवेपर्यंत रोज सकाळी त्या काजळाच्या पेन्सिलीनं ती रंगवून द्यायच्या. एखाद्या दिवशी मुद्दाम जरा वर काढायच्या, म्हणजे नवरा दिवसभर कशाचं तरी नवल वाटल्यासारखा दिसायचा.

काम संपलं, संग्रहालय उघडलं, पण मिस्त्री काही ते बघायला गेले नाहीत. जाऊ कधीतरी, सगळे मिळून जाऊ, असं चाललं होतं. लग्नाच्या जेवणात ते वाक्य तोंडून गेलं आणि हवालदार म्हणाले की मग आता आम्ही येऊ तेव्हा आधी तेच बघायचं. आणि खरोखरच वर्षभरानं एका शनिवारी व्याही, विहीणबाई, लेक आणि जावई असा सगळा लवाजमा मुक्कामाला आला. रविवारी संग्रहालय ठरलं.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाढी दोनदा केली. पुतळा शेजारी असणार, लोक तुलना करणार, असं त्यांनी आरशात बघत सांगितलं. मिस्त्रीणबाईंनी चिडवायला तोंड उघडलं आणि मिटलं. या माणसाला इतकं खुशीत त्यांनी लेकीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. आयुष्यात एकदाच काय ती बढाई मारलीय, निदान ती तरी दिमाखात खरी ठरू दे, असं त्यांच्या मनात आलं. घोड्यावर नको, पण निदान बंदूक तरी हातात असू दे. हवालदारांनी एकदा त्या पुतळ्यासमोर गप्प उभं राहावं आणि मिस्त्रींनी ते बघावं, यापलीकडे त्यांना काही नको होतं.

अंगणात तोफा मांडल्या होत्या आणि एक जुना रणगाडा होता. हवालदार तिथे असे रमले की विचारू नका. ही तोफ किती लांब मारते, हिला ओढायला किती माणसं लागतात, पाटीवर लिहिलंय ते कुठे चुकलंय, सगळं सांगून झालं. प्रत्येक तोफेवर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला आणि जावई बिचारा मोबाईल घेऊन त्यांच्या मागेमागे फिरत राहिला. मिस्त्री एका कोपऱ्यात शांत उभे होते. आपली वेळ पुढे आहे हे माहीत असलेल्या माणसाची ती शांतता होती.

पहिल्या दालनात तलवारी, बिल्ले आणि झेंडे होते. पुतळे दुसऱ्या दालनापासून सुरू झाले. वाळूच्या पोत्यांमागे खंदक केला होता आणि खंदकात सैनिक होते. सगळ्यात पुढे, डोळ्यांना दुर्बीण लावलेला कप्तान. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

तो रंगारी होता. एक सरळ रेघ मारता येत नाही, सगळ्या पट्ट्यांवर माझ्या थेंब पाडून ठेवले, आणि हा कप्तान, असं मिस्त्री पुटपुटले. त्याच्यामागे मशीनगनवर वायरमन होता. बाकीचे चेहरे अनोळखी निघाले. लेक आणि जावई प्रत्येकाच्या तोंडाशी जाऊन बघत होते, टोपीखाली वाकत होते. मिस्त्री नव्हते.

तिसऱ्या दालनात वायरलेसचं यंत्र आणि तंबूतला दवाखाना होता. वायरलेसवर गेटवरचा रखवालदार हेडफोन कानाला लावून बसला होता, आयुष्यभर काढलेल्या झोपेची भरपाई करत असल्यासारखा टक्क जागा. दवाखान्यात डॉक्टर होता, स्ट्रेचर उचलणारे होते, खाटेवर डोक्याला पट्टी बांधलेला एकजण होता. लेक हळूच म्हणाली की पट्टीखाली बाबा असतील. पट्टीखालीही बाबा नव्हते. हवालदार मिशीत हसले आणि म्हणाले की व्याही गुप्तहेर खात्यात असणार, म्हणून सापडत नाहीत. मिस्त्रीही हसले, पण शर्टाची बाही उगाच खालीवर करायला लागले. 

आता एकच दालन उरलं होतं. हवालदार वायरलेसचं यंत्र कसं चालतं ते सांगण्यात गुंग झालेले बघून मिस्त्रीणबाई पाणी प्यायच्या निमित्तानं सटकल्या आणि एकट्याच पुढे गेल्या. दारावर पाटी होती, युद्धकैदी. त्यांनी ती वाचली, तरी त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. त्यांना वाटलं, कैदी म्हटल्यावर पहारेकरी असणारच, आणि तो मिस्त्री असणार.

पहारेकरी होता, पण तो कुणी भलताच. त्याच्या बंदुकीसमोर मिस्त्री उभे होते.

अंगात परक्या फौजेचा मळका गणवेश, एक बाही फाटलेली, डोक्यावर टोपी नाही, दोन्ही हात वर. खाली पाटी होती, शरण आलेला शत्रूचा सैनिक. चेहरा मिस्त्रींचा होता यात तिळभरही शंका नाही. नाक तेच, हनुवटीवरची खळी तीच, आणि भुवया मात्र दोन्ही अख्ख्या. पण त्या भुवया अशा वर ओढल्या गेल्या होत्या, कपाळावर अशा आठ्या पडल्या होत्या आणि ओठ दातांवर असे आवळले होते की मिस्त्रीणबाईंना ते बघवेना. बाकीच्यांचे चेहरे न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे निवांत होते. हा एकच माणूस खरा घाबरलेला होता.

शिल्पकार बाईनं तरी दुसरं काय करायचं? असा चेहरा कप्तानाला लावला असता तर पलटण पळून गेली असती.

मिस्त्रीणबाईंना आधी वाटली ती लाज नव्हती. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी यांचे हात खाली घ्या, खांदे भरून आले असतील. मग त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याचा हा चेहरा आपण कधी बघितलेलाच नाही. लेकीला तापात झटके आले तेव्हा नाही, कामावर परांचीवरून पडून पाय मोडला तेव्हा नाही. म्हणजे त्या दिवशी हा माणूस इतका घाबरला होता, आणि घरी येऊन भुवईचा विनोद करत होता. आणि आपण हसत होतो. त्यांना फार वाईट वाटलं.

मग मात्र डोकं चालायला लागलं. हवालदार इथे आले की संपलंच. व्याही शत्रूच्या फौजेत निघाले, ही गोष्ट पुढच्या सात पिढ्यांच्या लग्नात सांगितली जाणार. त्या तशाच मागे फिरल्या आणि तिसऱ्या दालनात येऊन जाहीर केलं की पुढचं दालन बंद आहे, आत रंगकाम चाललंय, आता घरी जाऊन निवांत बसू.

आणि आश्चर्य म्हणजे हवालदारांनी लगेच मान डोलावली. ते म्हणाले, हो, हो, बंदच असणार, आणि नाहीतरी त्या दालनात बघण्यासारखं काही नसतं, चला, चहा घेऊ, चहा माझ्याकडून. विहीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि त्याही चला चला करायला लागल्या. मिस्त्रीणबाईंच्या जिवात जीव आला. ज्याच्यासाठी खोटं बोलायचं तोच मदतीला धावला, आणखी काय पाहिजे?

पण मिस्त्री हलले नाहीत. त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "रंगकाम चालू असतं तर वास आला असता," ते म्हणाले. "आणि मी कुठेच नाही, म्हणजे मी तिथेच आहे."

मिस्त्रीणबाईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. मिस्त्रींनी तो हळूच सोडवून घेतला आणि ते पुढे निघाले. लेक आणि जावई त्यांच्या मागून, त्यांच्या मागे मिस्त्रीणबाई. हवालदार आणि विहीणबाई सगळ्यात शेवटी. हवालदार शेवटी चालताहेत हे मिस्त्रीणबाईंना तेव्हा खटकलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष नवऱ्याच्या पाठीकडे होतं.

ती पाठ पुतळ्यापुढच्या दोरीपाशी जाऊन थांबली.

 मग जावयानं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते फसकन बाहेर आलं. तो म्हणाला की बाबा, तुम्हाला तर पकडलं. लेकीनं त्याला असं कोपर मारलं की तो कळवळला. मिस्त्रीही हसायला गेले. त्यांनी पाटी वाचली, पहारेकऱ्याच्या बंदुकीकडे बघितलं आणि म्हणाले की चला, सरकारी जेवण तरी मिळत असेल. पण म्हणता म्हणता ते मान वर करून छताकडे बघायला लागले. छत त्यांनीच केलेलं होतं. त्यात एक तडा नव्हता.

मिस्त्रीणबाई वळल्या. हवालदार दारातच उभे होते. आता हा माणूस काय बोलतो ते बघू, असं ठरवून त्यांनी जीभ परजली. एक शब्द वाकडा आला तर व्याही नाही नि बियाही नाही, लेकीचं सासर नाही नि काही नाही, आज याच्या मिशा उतरवून हातात देते, इथपर्यंत त्यांची तयारी झाली होती.

हवालदार सावकाश पुढे आले. दोरीला मांड्या टेकेपर्यंत आले. त्यांनी त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग हातांकडे, मग खाली पायांकडे.

"बुटांना लेस नाहीत," ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या मिस्त्रीणबाईंनाही कान द्यावा लागला, इतकं हळू. "बरोबर केलंय. लेस काढून घेतात. पट्टाही काढून घेतात. मग पँट सांभाळायला हात खाली न्यावासा वाटतो, आणि हात तर खाली घ्यायचा नसतो."

जावयानं विचारलं की पप्पांनी कैदी पकडले होते का, मग घरी कधी सांगितलं कसं नाही.

"पकडले नव्हते," हवालदार म्हणाले. "मला पकडलं होतं. असाच उभा होतो मी."

जावयाच्या हातातला मोबाईल खाली आला. विहीणबाईंनी भिंतीकडेच्या बाकावर बसून घेतलं आणि पर्समधून रुमाल काढला. त्यांना सगळं ठाऊक होतं हे मिस्त्रीणबाईंनी तेव्हाच ओळखलं. बायको होती, ठाऊक असणारच. नवऱ्यानं बोलायचं नाही म्हटलं आणि ही बाई लेकाचं लग्न होऊन गेलं तरी गप्प बसली. मिस्त्रीणबाईंना ते कसं जमलं असेल याचा विचारसुद्धा करवेना.

हवालदारांनी थोडक्यात सांगितलं, दोरी दोन्ही हातांनी धरून, कुणाकडे न बघता. डोंगरावरची चौकी होती. दारूगोळा संपला, वायरलेस बंद पडला, आणि पहाटे समोर शत्रू उभा. वर्षभराच्या वर ते तिकडे होते. अदलाबदलीत परत आले तेव्हा कुणी वाईट वागलं नाही, बढतीही मिळाली पुढे. पण घरी हार घेऊन आलेल्या लोकांनी विचारलं की किती मारले, आणि त्यांनी काहीतरी सांगितलं. मग तेच सांगत राहिले. तोफांच्या गोष्टी सगळ्या खऱ्या, फक्त त्यांच्या पुढची ही एक गोष्ट ते कुणाला सांगत नव्हते. सगळ्या संग्रहालयांत असं एक दालन असतं आणि तिथे आलं की आपल्याला चहा आठवतो, असंही ते म्हणाले.

मिस्त्रीणबाईंची परजलेली जीभ तोंडात तशीच राहिली. इतका वेळ त्या ज्याच्यापासून नवऱ्याला वाचवत होत्या, त्या माणसाचे कान लाल झाले होते आणि त्याला मान वर करवत नव्हती.

मग हवालदारांनी मिस्त्रींकडे तोंड केलं. "व्याही, एक विचारतो. हा चेहरा नाटकाचा नाही. नाटक करून असं तोंड होत नाही. साचा काढताना झालं काय होतं?"

मिस्त्रींनी छतावरची नजर खाली आणली. बायकोकडे बघितलं, परत हवालदारांकडे बघितलं. मिस्त्रीणबाईंना वाटलं, आता भुवईची गोष्ट येणार. ती आली नाही.

"माल मीच चुकीचा केला होता," मिस्त्री म्हणाले. "तो तापला, आणि नळीत गेला. दोन्ही नळ्या बुजल्या. तोंड आतून बंद. मी हात हलवले तर त्या पोरीला वाटलं मी चेष्टा करतोय, ती हसत होती, मला ऐकू येत होतं. वाटलं, संपलं. आपल्याच प्लास्टरमध्ये मेलो." ते थांबले. त्यांना इतकं बोलायची सवय नव्हती. "पोरीचं लग्न राहिलं, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही सुचलंच नाही."

"माझ्याही डोक्यात पोरगंच होतं," हवालदार म्हणाले आणि त्यांनी मान जावयाच्या दिशेला जराशी हलवली. "हा. नुकता झाला होता. मी बघितलाही नव्हता. हात वर करून उभा होतो आणि विचार करत होतो की नाव काय ठेवलं असेल."

जावई, इतका वेळ जो दात काढत होता तो, वडिलांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं वडिलांच्या शर्टाची कॉलर नीट केली, जी आधीच नीट होती.

मिस्त्रीणबाई नवऱ्यापाशी गेल्या. मला का नाही सांगितलंत, असं त्यांना विचारायचं होतं, पण उत्तर त्यांचं त्यांनाच माहीत होतं. सांगायला गेले असतील, आपण हसायला लागलो असू. त्यांनी मिस्त्रींच्या डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाल्या, "मेला असतात तर मी काय केलं असतं हो?" एवढं बोलून त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दालनाचा शिपाई लांबून बघत होता. कैद्याच्या पुतळ्यासमोर अख्खं कुटुंब रडतंय म्हटल्यावर त्यानं दोरीपासून मागे व्हा म्हणायचं टाळलं असावं.

लेकीनं डोळे पुसले. तिचं डोकं आईसारखंच, रडता रडताही कामाचं चालतं. ती म्हणाली की शिपायाला विचारून आत्ताच साहेबांना भेटू. बाबांनी एवढी सगळी छतं केली, एक शब्द ऐकतील की नाही? हा चेहरा इथून काढून खंदकात कुठेतरी बसवा म्हणावं, कप्तान नाही तर नाही, साधा शिपाई चालेल. जावई लगेच म्हणाला की चल, मी येतो. मिस्त्रीणबाईंनी पर्स खांद्याला लावली. साहेबांशी बोलायचं तर ते काम त्यांचंच होतं.

मिस्त्रींनी हात आडवा केला.

ते पुतळ्याकडे बघत होते, पण आता मघासारखे नाही. घरातलं कुणी दवाखान्यात असलं की दारातून निघताना माणूस वळून बघतो, तसे. मग त्यांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदारांची छाती आत गेली होती आणि खांदे उतरले होते. आज पहिल्यांदा ते मिस्त्रींपेक्षा फार उंच दिसत नव्हते.

"नको," मिस्त्री म्हणाले. "राहू दे मला इथेच. तिकडे खंदकात पुष्कळ आहेत. इथे व्याह्यांच्या सोबतीला आपलं कुणीतरी असू दे."

 हवालदारांनी मिस्त्रींचा हात धरला, आणि कॅन्टीनमध्ये चहा समोर येईपर्यंत सोडला नाही.